दाराआडचं ताट

बुरोंडी,
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुचिरास,
कमळाआत्याचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासऱ्याला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून तुला लिहिते. फोनचं तुला माहीतच आहे. कानातलं यंत्र घातलं की फोनला शिट्टी येते आणि काढलं की काहीच ऐकू येत नाही. मोबाइल चालवणारी माझी नेत्रा, ती आता सासरी गेली. तेव्हा पोस्टमन हाच माझा फोन.

चौदा तारखेला लग्न चांगलं पार पडलं. जावई शांत आहेत, नेत्रा दोघांचं मिळून बोलेल. तू आणि सानवी आलात, दोन दिवस राबलात, त्याबद्दल देव तुझं भलं करो. पण रुचिरा, अंतरपाट धरला तेव्हा मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो. माझ्या मुलीच्या पाठीशी गावातला चुलतमामा उभा करावा लागला. सख्खा मामा रत्नागिरीत धडधाकट असताना! जूनमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी आठ दिवस इस्पितळात बसले होते, हे त्याला आठवत असेल तर बरं. आता तो चालतो, बोलतो. लग्नात नेमका बीपी वाढला म्हणे. आणि तुझी सानवी भोळेपणाने सांगून गेली, की आदल्या दिवशी आजोबा मांडवीच्या धक्क्यापर्यंत फिरून आले.

त्याने पाठवलेली पैठणी मी कपाटात टाकली आहे, घडीसुद्धा मोडली नाही. त्याला हे सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल. मला एकच भाऊ. मी काय चुकले एवढं मला कळलं म्हणजे झालं.

दीपेशचं जहाज कुठे आहे ते कळव. सानवीला पापे. तुझा जीव माझ्यावर आहे तो तसाच असू दे.

तुझी,
कमळाआत्या

रत्नागिरी,
२ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
रुचिराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाबांना दाखवलं नाही. तुम्ही काहीच चुकला नाहीत. जे आहे ते आज लिहूनच टाकते, कारण मी सहा महिने गप्प राहिले आणि त्यातून हे झालं.

बाबा चालतात, बोलतात, पण उजवा हात अजून कामाचा नाही. बोटं वळत नाहीत. जेवण डाव्या हाताने. जुलैमध्ये शेजारच्या मथुरावहिनींकडे सत्यनारायण होता. पंगतीत एक लहान मुलगी मोठ्याने ओरडली, की हे आजोबा डाव्या हाताने जेवतात. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तेच वाईट झालं. बाबांनी पानावर पाणी सोडलं आणि उठले. त्या दिवसापासून ते मागच्या पडवीत दार लोटून एकटे जेवतात. मी ताट आत ठेवते, अर्ध्या तासाने रिकामं उचलते. सानवीलाही आत येऊ देत नाहीत. ज्या माणसाने बावीस वर्षं इटालियन कंपनीच्या जहाजांवर चीफ कुक म्हणून शेकडो लोकांना जेवू घातलं, तो दाराआड जेवतो, हे मला बघवत नाही. लग्नाला आले असते तर पंगतीत बसावं लागलं असतं. बीपी ठीक आहे. एवढंच कारण.

आता माझी युक्ती ऐका आणि मला वेडी म्हणू नका. बाबांच्या ट्रंकेत जहाजावरचा एक फोटो सापडला. लांब टेबल, दहा-बारा खलाशी जेवतायत आणि एकजात सगळ्यांचे काटे डाव्या हातात! उजव्या हातात सुरी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी इटालियन जेवण करायचं. बाबांचे मित्र बोलवायचे, जहाजावरचे बाबूकाका आणि मासेमारी होडीवरचे तांडेल धोंडूकाका, त्यांच्या घरच्या, मथुरावहिनी. सगळे काट्याने जेवतील. सगळ्यांचाच डावा हात, मग बाबांचा कोणाच्या लक्षात येणार?

बाबा आधी दोन दिवस नाहीच म्हणत होते. मग मी मुद्दाम त्यांच्यासमोर कांदा जाडाभरडा चिरला. त्यांना राहवेना. करीन म्हणाले, पण एका हाताने वेळ लागतो, एका दिवसात होणार नाही. मी म्हटलं, चार दिवस घ्या, आधी करून ठेवता येईल असंच करू. शिवाय त्यांची एक पळवाट मला ठाऊक होती, की कुक टेबलावर बसत नसतो, तो मुदपाकखान्यात असतो. सगळं आधीच तयार असलं तर त्या दिवशी आत काम काय उरणार? बसावंच लागेल.

रविवार, २६ जानेवारीचा बेत आहे. तुम्ही याल का? यांचं जहाज सध्या सिंगापूरकडे आहे. माया अशीच ठेवा, आणि पैठणीची घडी मोडा.

आपली,
रुचिरा

बुरोंडी,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. रुचिरास अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून मी बराच वेळ ओटीवर बसून राहिले. घरच्यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं काही नाही, माझाच राग मला जड झालाय. डाव्या हाताने जेवण्यात काय एवढं, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात त्याचं किती होतं ते मला ठाऊक आहे. आमची आई असती तर तिनेही मान खाली घातली असती.

पण बाई, पाहुण्यांना बोलवून बुधवारचं रविवारी वाढणार? सगळी मांडवी तोंडात बोटं घालील. आम्ही पाहुणा दारात आला की मग चूल पेटवणारी माणसं. आता खरं सांगायचं तर माशाचं कालवण दुसऱ्या दिवशीच चवीला लागतं आणि रात्रीचं कालवण सकाळी भाकरीशी मीच आधी संपवते. पण ते घरातलं झालं, ते काय पंगतीला सांगायचं असतं? आणि लक्षात ठेव, गुरुवारी मासळी नाही, शनिवारी नाही. शनिवारी तर एकादशी आहे, मी कॅलेंडर बघितलं. कधी काय शिजवायचं ते नीट ठरव. ती इटलीची असली तरी आपल्या चुलीवर शिजणार आहे. आणि पाहुण्यांच्या आधी एक वाडी, म्हणजे कावळ्याचा घास, आमच्या आईवडिलांच्या नावाने बाहेर ठेवायला विसरू नका.

मला येता येणार नाही. गुडघा सुजलाय, एसटीची पायरी चढवत नाही. तुझी युक्ती चांगली आहे, पण एक बजावून ठेवते. गुणादादाला फसवणं सोपं नाही. लहानपणी मी डब्यातला एक लाडू उचलला तर बाकीच्यांच्या घसरणीवरून तो ओळखायचा. फसवण्यापेक्षा त्याला कामाला लाव. काम असलं की तो बरा असतो.

पैठणी कपाटातून काढून खुर्चीवर ठेवली आहे. अजून घडी मोडली नाही, बघू. जे होईल ते सगळं लिही, काही गाळू नकोस. माझी आठवण काढत जा.

तुझी,
कमळाआत्या

रत्नागिरी,
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

दुपारची जरा उसंत मिळाली म्हणून लिहिते. आत्याबाई, आमच्या घरात सध्या जहाज चाललंय आणि मी त्यावरची सगळ्यात खालची नोकर आहे.

बाबांनी सुताराकडून एका पाटावर दोन लांब खिळे उलटे ठोकून घेतले. कांदा त्या खिळ्यांत रोवायचा आणि डाव्या हाताने सुरी चालवायची. पहिला कांदा चिरायला पाच मिनिटं लागली, कपाळावर घाम आला. मी पुढे झाले तर अशी नजर टाकली की मी परत मागे. बुधवारी टोमॅटोचा रस्सा झाला, तीन तास मंद आचेवर. गुरुवारी मासळी नाही म्हणून वांग्यांची भाजी, आंबटगोड, व्हिनेगर घातलेली. ती म्हणे गार खायची असते आणि तीन दिवस मुरली तरच खरी. आज कोळंबीचा रस्सा, आणि मैद्याच्या लाट्या. लाटणं एका हाताने सरळ फिरत नाही म्हणून बाबांनी काचेची बाटली घेतली, तळव्याखाली ती छान फिरते. लाटलेल्या पट्ट्या उकडून ट्रेमध्ये एक थर पट्टीचा, एक कोळंबीचा, एक मैद्या-दुधाच्या सॉसचा, असे थर लावायचे. त्याला लझान्या म्हणतात. रविवारी हे ट्रे नाक्यावरच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे.

आता गोंधळ सांगते. मी आठ-नऊ माणसं धरली होती. बुधवारी टोमॅटो दोन किलो आणले. बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि अजून तीन किलो मागवले. मला वाटलं रस्सा आटत असेल. गुरुवारी वांगी चार किलो. आज कोळंबी बघून माझी खात्री पटली. त्यांच्या जहाजावर कायम चोवीस माणसं असायची, आणि त्यांचा हात चोवीसच्या खाली येतच नाही! मीठ, तेल, मिरपूड, सगळं मुठीने आणि अंदाजाने, तो अंदाज चोवीस माणसांचा. मी बोलून दाखवलं तर हातातली पळी खाली ठेवली. वाटलं, आता सगळं सोडून पडवीत जातात. पण म्हणाले, की मग चोवीस माणसं बोलव, शिजवलेलं कमी करता येत नाही. आत्याबाई, सहा महिने माणसांपासून लपणारे बाबा हे म्हणाले!

आता सगळी आळी येतेय. टेबलं मंडपवाल्याची, काटे केटररचे. फ्रिज कधीच भरला, म्हणून मथुरावहिनींनी मासळीच्या बर्फाच्या दोन पेट्या दिल्यात. चिंच, लिंबू, गरम पाणी लावून चारदा घासल्या. वास गेलाय असं मी म्हणते, सानवी नाही म्हणते.

जेवायला मात्र आजही दार लोटूनच बसले. रविवारी सगळ्यांच्या देखत ते हात पुढे करतील का, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय. तुमचे आशीर्वाद पाठीशी राहू द्या.

आपली,
रुचिरा

रत्नागिरी,
२८ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही काही गाळू नकोस म्हणालात, म्हणून सगळं लिहिते.

शनिवारी गोड केलं. दूध, साय, साखर आणि चायनाग्रास, स्टीलच्या चोवीस वाट्यांत ओतून गोठवायचं, वर आटवलेला कोकमाचा पाक. रविवारी खरंच काही काम उरलं नाही. दुपारी ट्रे भट्टीतून आले. बाबांनी पहिल्या ट्रेचा एक कोपरा कापून केळीच्या पानावर ठेवला आणि स्वतः मागच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवला. कावळ्याने आधी मान वाकडी करून बघितलं, मग पट्टी तेवढी घेऊन गेला. बाबा हसले. मग नवा सदरा घालून आले.

संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात टेबलं लावली. बाबा मधल्या खुर्चीत बसले, एका बाजूला बाबूकाका, समोर धोंडूकाका. मी सगळ्यांच्या डाव्या बाजूला काटे मांडले होते. बाबांनी डाव्या हातात काटा धरला, बाबूकाकांनी धरला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

धोंडूकाकांची पट्टी काट्यावरून तीनदा घसरली. चौथ्यांदा सदऱ्यावर. त्यांनी काटा टेबलाच्या टोकाला भिरकावला आणि म्हणाले, की असलं दाताळं मी खळ्यात पाला ओढायला वापरतो, तोंडात घालायला नाही. आणि सरळ हाताने जेवायला लागले. मथुरावहिनी तर वाटच बघत होत्या. मग पोरं, मग बायका, शेवटी ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती ते बाबूकाकासुद्धा! तीस वर्षं काट्याने जेवून कंटाळलो म्हणाले आणि बोटं चाटायला लागले. पाच मिनिटांत बाकी सगळ्यांचे उजवे हात ताटात आणि काटा धरलेले एकटे बाबा. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मीच त्यांना सगळ्यांच्या मधोमध आणून एकटं पाडलं होतं. मला तेव्हा स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

बाबांनी खाणं थांबवलं. काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता उठणार. तेवढ्यात धोंडूकाकांनी तोंड भरलेलं असतानाच विचारलं, की ही कोळंबी इतकी मऊ राहिली कशी? कोणाच्या हातची?

बाबांनी डावा हात वर केला. म्हणाले, याच्या. कांदे याने चिरले, वांगी याने परतली, पट्ट्या याने लाटल्या, चार दिवस दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. मग म्हणाले, की तुम्ही सगळे याच्या हातचं चाटूनपुसून खाताय, आणि मी मात्र सहा महिने यालाच दाराआड बसवून ठेवलं होतं. करणाऱ्याला खायची बंदी कसली?

आणि त्यांनी डाव्या हाताने घास घेतला.

या वेळी माना खाली गेल्या नाहीत. धोंडूकाकांनी वांगी पुढे सरकवायला सांगितली. मथुरावहिनींनी बोलता बोलता बाबांची वाटी त्यांच्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली आणि आपल्या सुनेची तक्रार पुढे चालू केली. मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं. सानवी आली, तिला सांगितलं मिरची लागली. त्या जेवणात मिरची नव्हतीच.

गोडाला बर्फाच्या पेटीचा वास लागला होता, सानवीचंच खरं. धोंडूकाका म्हणाले, की आयुष्यात पहिल्यांदा गोड आवडलं, कारण शेवटी थोडा बांगडा लागतो. दोन वाट्या खाल्ल्या.

काल बाबा पुढच्या खोलीत आमच्याबरोबर जेवले. जेवताना म्हणाले, की काट्याची युक्ती मला पहिल्याच दिवशी कळली होती, ट्रंकेतला फोटो उलटा ठेवलेला होता. आत्याबाई, तुमचं खरं ठरलं. मग विचारलं, कमळाचं पत्र आलं होतं का. मी तुमची दोन्ही पत्रं त्यांच्या हातात दिली. चुकले असेन तर पदरात घ्या. आता वही घेऊन बसलेत. लोभ असाच राहो, आम्हांला तुमच्याशिवाय कोण आहे?

आपली,
रुचिरा

रत्नागिरी,
३० जानेवारी २०२५

चि. सौ. कमळास अ. उ. आ. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. हे पत्र लिहायला दोन दिवस लागले.

रुचिराला वाटतं मी लोकांना लाजून लग्नाला आलो नाही. तिला तसंच वाटू दे. लोकांचं होतं, पण ते अर्धंच. कमळा, मी तुझ्या दारात पंगतीला बसलो असतो तर तू वाढायला समोर आली असतीस. मी डाव्या हाताने जेवतोय हे तू बघितलं असतंस. दुसऱ्या कोणी बघितलेलं मी सोसलं असतं.

तू जन्माची डावखुरी. आई नुसती ओरडायची. मारायचो मी. तू पाच वर्षांची, मी आठ. पळीच्या दांड्याने बोटांवर. आईने शाबास म्हणावं म्हणून. एकदा तुझं करंगळीचं नख काळं पडलं होतं. तू हात परकराखाली लपवून उजव्या हाताने भात सांडत जेवायचीस, आणि मी त्यालाही हसायचो.

जुलैपासून रोज डावा हात ताटात घातला की मला तो परकर दिसतो. मी दार लोटायचो ते त्यासाठी. नेत्राच्या पाठीशी उभं राहायचा माझा मान होता, तो मी घालवला. तो दिवस काही मला परत आणता येत नाही.

शिमग्याला ये. नेत्राला आणि जावयांना घेऊन ये. मी रांधीन. चोवीस माणसांचं होईल, तयारीने या. तुला माफी मागायची माझी हिंमत अजून पुरती होत नाही, म्हणून आधी जेवायला बोलावतो. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

तुझा,
गुणादादा

बुरोंडी,
६ फेब्रुवारी २०२५

ती. गुणादादास,
कमळाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. घरच्यांना दाखवलं नाही. काळं पडलेलं नख परकराखालच्या हाताचं, ते लोकांना कधी दिसलंच नाही, त्यामुळे तुझ्या-माझ्याशिवाय ते कोणाला माहीत नाही. मी विसरले नव्हते. राग धरला होता असंही नाही. पण तू आठवण ठेवली आहेस हे मला माहीत नव्हतं, आणि ते कळलं तेव्हा एवढ्या वर्षांनी हुंदका आला. मार खाऊन मी उजव्या हाताने जेवायला शिकले, आणि आता तुला डाव्या हाताने शिकावं लागलं. म्हणून दोघांची फिट्टंफाट झाली असं मी म्हणणार नाही. मला तुझा हात असा पडलेला नको होता.

पैठणीची घडी मोडली. शिमग्याला तीच नेसून येईन. गुडघ्याचं बघू, नाहीतर जावई गाडी काढतील. नेत्रा म्हणाली, मामाने पाठीशी उभं राहायचं राहिलं तर मामाच्या घरी पहिलं जेवण तरी होऊ दे.

आता एक सांगते, हसू नकोस. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी भात वाढून घेतला, वर कालवण घातलं आणि डावा हात पुढे केला. माझाच हात, त्याला कशाला भ्यायचं म्हटलं. पण दादा, जमलं नाही रे. घास वळेना. शितं मांडीवर, जमिनीवर, तोंडात मोजकी. साठ वर्षांत तो हात सगळं विसरला. मी एकटीच हसत सुटले, आणि मग हसू थांबेना आणि रडूही थांबेना.

तू अडुसष्टाव्या वर्षी शिकलास. मी तुझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे, मला जमेल. मला समोर बसवू नकोस, तुझ्या शेजारी बसव. तू मला शिकव.

येतेच आहे, तोवर जीव लावून राहा.

तुझी,
कमळा